ईव्हीत कंपनीचेच स्पीकर ठेवा म्हणणाऱ्यांसाठी

दारव्ह्याचा_दादा
काल इथं एका भाऊंनी लिहिलं का ईव्हीतले कंपनीचे स्पीकर बदलणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, रेंज (एका चार्जात गाडी जाते ते अंतर) खाते, वॉरंटी जाते, आणि "गाणे ऐकाचे तं घरी ऐका". तिथं खाली उत्तर लिहायला बसलो तं लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

रेंजचा हिशोब एकदा कागदावर मांडून पहा ना. गाडी ८० च्या स्पीडनं किलोमीटरला १४० वॉट-अवर खाते असं धरा, म्हणजे चालताना ११ किलोवॉटच्या आसपास सतत जाऊन रायले. ॲम्पच्या (आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) डब्यावर ५०० वॉट छापलं असते पण गाणं काही पूर्ण वेळ ५०० वर वाजत नाही, ठोका पडला तेवढ्यापुरतं, सरासरी काढली तं जोरात वाजवूनही १०० वॉटच्या आतबाहेर. यवतमाळ ते नागपूर दोन तास वाजवत गेलं तं २०० वॉट-अवर. म्हणजे दीड किलोमीटर रेंज. दीड! मे महिन्यात एसी एकटा एक-दीड किलोवॉट ओढते, त्याले कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

आता लोक म्हणतात ईव्ही शांत असते, कंपनीचा आवाज पुरते. समृद्धी महामार्गावर चढा अन् मग सांगा. काँक्रीटवर टायरची जी घुमघुम सुरू होते ती डिझेल गाडीत इंजिनखाली दबून जायची, इथं तीच पहिले ऐकू येते, आणि ती नेमकी खालच्या सुरांवर बसते, तबल्याचा डग्गा, ढोलकीचा घुमारा सगळं गिळते. मग माणूस व्हॉल्यूम वाढवते, आणि बऱ्याच गाड्यांत व्हॉल्यूम वाढवला का सिस्टीम स्वतःच बेस कापते, लहान स्पीकर फाटू नये म्हणून. उरलं काय, चिरका आवाज.

मी दरवाज्याला ब्युटाइलची शीट (पत्र्याची थरथर दाबणारी, रबरासारखी) लावली, पुढं कंपोनंट म्हणजे जाड अन् बारीक सुरांचे वेगवेगळे स्पीकर टाकले, सीटखाली ८ इंची ॲक्टिव्ह सब, म्हणजे आतच ॲम्प असलेला बेसचा सबवूफर. एक वायर कापली नाही, कपलरला कपलर. ज्याले हे उधळपट्टी वाटते त्यानं एकदा माह्या गाडीत बसून जावं.

सातबारा_कोरा
ते काल लिहिणारे भाऊ म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका.

तुमचा रेंजचा हिशोब चालत्या गाडीचा आहे. उभ्या गाडीचं काय? आमच्या साळ्यानं लग्नाच्या मांडवासमोर डिक्की उघडून सब वाजवला, गाडी बंद करून. पोट्टे नाचले दोन तास. निघाच्या वेळी गाडी चालूच होईना. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली, आणि गाडी जागची हलत नाही, कारण १२ व्होल्टची लहान बॅटरी बसली, आणि ती बसली का मोठीले गाडीशी जोडणारा स्विच, कॉन्टॅक्टर, तोच लागत नाही. नवरी गाडीत, वऱ्हाड रस्त्यावर, अन् हा यूट्यूबवर जंपस्टार्ट पाहून रायला. त्या दिवशी मला कळलं का हे डोहाळे कायले नकोत.

आणि बेस पाहिजे होता तं घेतानाच वरचं मॉडेल घ्यायचं. नेक्सॉन ईव्हीच्या वरच्या व्हेरियंटला जेबीएलचे नऊ स्पीकर येतात, सबवूफर धरून. खालचं घ्यायचं, पैसे वाचवले म्हणून मिशीला पीळ द्यायचा, आणि मग तेच पैसे वायरिंगमध्ये घालायचे.

दारव्ह्याचा_दादा
साळ्यानं गाडी बंद ठेवून वाजवलं त्यात सबचा काय दोष? रेडी मोडवर (चालवायला तयार, चालू) ठेवली असती तं डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरत रायला असता, रात्रभर वाजवा. पेट्रोल गाडीतही इंजिन बंद करून डेक वाजवला तं बॅटरी बसतेच ना बाप्पा. आणि वरच्या मॉडेलसाठी दोन-तीन लाख जास्त मोजायचे, त्यात सनरूफ गळ्यात घ्यायचं. आपल्या विदर्भात सनरूफ! ४६ डिग्रीत!

तिखट_सावजी
दोघंही थोडे थांबा. निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम स्पीकरचा नसतेच. पहिले इक्वलायझर सपाट करा, फेडर-बॅलन्स (आवाज पुढं-मागं, डावी-उजवीकडं वाटणारं सेटिंग) मधात आणा, फोनमधलं साउंड इफेक्ट बंद करा. फुकटचं काम आहे.

दुसरं, बाहेरून स्पीकर बसवून आणले आणि बेस आधीपेक्षा कमी झाला असं ज्याले वाटते त्यानं पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, पहावी. एका बाजूच्या वायरी उलट्या लागल्या का डाव्या स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) बाहेर येते तेव्हा उजवा आत जाते, बेस आपसातच मरते. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल घ्या, स्पीकरच्या वायरी सुट्या करून त्याले क्षणभर टेकवा, प्लसला प्लस लागलं तं कोन बाहेर उसळते. आत गेला म्हणजे फिटरनं उलटं जोडलं. आमच्या इकडच्या दुकानात हे कोणी पाहून देत नाही, वाजलं का झालं.

आणि ब्रँडच्या नावावर जीव टाकू नका. जेबीएल, इन्फिनिटी, हरमन कार्डन हे सगळे एकाच हरमनचे, आणि हरमन २०१७ पासून सॅमसंगची.

आर्वीची_सून
दादा, तुम्ही सीटखाली सब टाकला म्हणता, बसवला कशानं ते लिहाच. आमच्या यांनी तालुक्याच्या दुकानात गाडी नेली, त्या पोट्ट्यानं सरळ ड्रिल काढलं, सीटखाली पत्र्यात दोन स्क्रू मारतो म्हणे, सब हलणार नाही. मी मागच्या सीटवर लेकराला घेऊन बसली होती, ओरडलीच. अहो त्या पत्र्याखाली बॅटरी आहे! त्याले वाटलं खाली नुसती हवा आहे. नारिंगी वायर म्हणजे मोठ्या बॅटरीच्या जबर व्होल्टेजची, ती दिसली तं हात लावू नये एवढंही त्याले माहीत नव्हतं. शेवटी वेल्क्रो पट्टी अन् सीटच्या रेलला बेल्ट बांधून बसवला, आणि आवाजाला काही फरक पडला नाही.

वॉरंटी जाते का राहते हे नंतरचं. आधी फिटरला विचारा का बॅटरी कुठं असते. उत्तर बोनेटमध्ये आलं तं गाडी परत फिरवा.

दारव्ह्याचा_दादा
बरोबर आहे ताई, माह्या पण सीटच्या रेललाच बांधला आहे, ड्रिल लावूच दिलं नाही. फ्यूज मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीजवळच लावला, ॲम्पजवळ नाही. मधात कुठं वायर घासली तं फ्यूज पहिले जावा.

डीपी_जळाली
एवढं काय डोकं लावता. मी विहिरीवरच्या मीटरवर गाडी चार्ज करतो, बिल शून्य. वर्षाचे जे वाचतात त्यात दोन सब येतात. वाजवा.

सातबारा_कोरा
वा. म्हणजे फुकटात बसून बेस ऐकता. भाऊ, मोफत वीज साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला दिली आहे, तुमच्या ढिच्याक ढिच्याकला नाही. शेतीच्या कनेक्शनवर दुसरं काही चालवणं म्हणजे वीज कायद्याचं कलम १२६, दुप्पट दरानं वसुली. सापडलात तं दोन्ही सब विकून भरा.

डीपी_जळाली
सापडवणार कोण? लाईनमन? तो आमची डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तेव्हा आठवडाभर फोन उचलत नव्हता, गाव मिळून वर्गणी काढून ऑइल आणलं आम्ही. रात्रीची पाळी आली का बारा वाजता उठून ओलित कराले जातो, टॉर्च हातात, मधात रानडुकराचा कळप. तेव्हा कलम कुठं असते? लाख रुपयाचा कापूस गेला तं कोणी विचारत नाही, एक गाडी लावली का लगेच कायदा.

कापूसकोंड्या
रात्रीच्या पाळीचं दुःख खरं आहे, आम्हीपण भोगतो. पण तू लावलेल्या गाडीनं माझी मोटर गरम होते त्याचं काय? एकाच डीपीवर आहोत असं समज. दिवसा तीन फेज आली का सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम लागतात, व्होल्टेज आधीच झोपलेलं, त्यात तुझा ३ किलोवॉटचा चार्जर, तोपण एकाच फेजवर. माझ्या शेजाऱ्याची मोटर याच भानगडीत दोनदा रिवाइंड झाली आणि तो म्हणते नशीब खराब.

डीपी_जळाली
३ किलोवॉट म्हणजे चार एचपी. तुझ्या डीपीवर आकडे टाकून चालणाऱ्या मोटरी किती आहेत ते पहिले मोज, मग माह्या गाडीवर ये.

कापूसकोंड्या
माझं मीटर आहे, पावती आहे. आकड्याची भाषा आपल्या घरी कर.

डीपी_जळाली
अबे तुला म्हटलं का?

आर्वीची_सून
दोघं भांडा निवांत, पण एक सांगा, विहिरीवरच्या खोलीत अर्थिंग आहे का? आमच्याकडं माझ्या जेठांनी असंच स्टार्टरच्या पेटीतून बोर्ड काढून चार्जर लावला होता. चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडे, त्यांनी चिडून अर्थची पिन तारेनं न्यूट्रलला जोडून दिली. न्यूट्रल तुटला असता तं गाडीची सगळी बॉडी करंट झाली असती, आणि पावसाळ्यात तिथं बाया निंदाले जातात. मी ते काढायला लावलं तं महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. न बोलू द्या.

तिखट_सावजी
ताईंनी लिहिलं ते स्पीकरपेक्षा शंभरपट महत्त्वाचं. चार्जर लाल दाखवून रायला म्हणजे तो आपलं काम करून रायला.

डीपी_जळाली
अर्थिंग केलं आहे माझं. कोळसा-मीठ टाकून, पाणी ओततो दर आठवड्याले. सगळ्यांनाच गाढव समजू नका. ... बरं, घरचं मीटर वाढवून घेतो, पण ३०० युनिटच्या वर गेल्यावर जो दर लागते तो तुम्ही भरा मग.

सातबारा_कोरा
धाग्याचं नाव काय होतं कोणाला आठवते का?

दारव्ह्याचा_दादा
मले आठवते. तुम्ही अजून रेंजवर काही बोलले नाही.

सातबारा_कोरा
बोलतो. रेंजची गोष्ट मागे घेतो, दीड किलोमीटरसाठी भांडण्यात दम नाही. उधळपट्टीची नाही घेत. शीट, स्पीकर, सब, मजुरी धरून किती गेले ते तुम्ही अख्ख्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, आम्ही पण लक्ष ठेवून आहो.

दारव्ह्याचा_दादा
घरचे इथं वाचतात.

सातबारा_कोरा
हाव, मग झालं उत्तर.

झाडीपट्टीचा_पोट्टा
उशिरा आलो. मले सब नाही लावाचा, फक्त दरवाज्याले शीट. दुकानदार डांबरी शीट देऊन रायला, ब्युटाइलच्या निम्म्या भावात. लावू का?

तिखट_सावजी
नको. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं उन्हाळ्यात बंद गाडीचा पत्रा काय तापते हे तुले सांगाले नको. डांबरी शीट ढिली होऊन काचेच्या रनरवर (काच वरखाली सरकते त्या पट्टीवर) घसरते, वास येते तो वेगळाच. ब्युटाइल घे, पण पूर्ण दरवाजा मढवू नको, बाहेरच्या पत्र्याच्या मधल्या भागाले लाव आणि आतल्या पत्र्याचे मोठे भोकं बंद कर. स्पीकरच्या मागचा आवाज समोर येऊन समोरच्या आवाजाले मारते, ते थांबलं तं कंपनीच्याच स्पीकरमधून बेस निघते. खालचे पाणी जायचे भोकं मात्र उघडेच ठेव, नाहीतं पहिल्याच पावसात दरवाज्यात तळं होईन.

झाडीपट्टीचा_पोट्टा
म्हणजे कंपनीचेच स्पीकर ठेवू?

सातबारा_कोरा
ठेव.

दारव्ह्याचा_दादा
दिवाळीपर्यंत ठेव.