२८ आठवड्यांची मुलगी आणि मेंदूचा ‘पांढरा भाग’: इजा नेमकी तिथेच का?

वृंदा_मिरज:
माझी मुलगी २८व्या आठवड्यात झाली, १०५० ग्रॅमची. ४१ दिवस काचेत होती. आता करेक्टेड वय, म्हणजे ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं, नऊ महिने. मान धरली आहे, हसते, हाक मारली की वळून बघते. पण उभं धरलं की पायांची कात्री होते आणि चवडेच टेकतात. परवा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये ‘पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया’ आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पांढऱ्या भागाला, तिथल्या ग्लायल पेशींना इजा झाली आहे.

मी आठवीला विज्ञान शिकवते. चेतापेशीची आकृती फळ्यावर न बघता काढते, पण ग्लायल पेशी म्हणजे ‘आधार देणाऱ्या पेशी’ यापुढे मी वर्गात कधी गेले नाही. मेंदूत एवढं सगळं असताना इजा नेमकी त्यांनाच का व्हावी? घरात बोलणं ‘ग्रहणात भाजी चिरली होतीस’ इथवर गेलंय. माझं काही चुकलं का?

काप_आणि_काच:
वृंदाताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ग्रहणाचा आणि भाजीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे घरी वाचून दाखवा.

सात वर्षं मी उंदराच्या गर्भाचे मेरुरज्जूचे काप रंगवून मायक्रोस्कोपखाली मोजत होते, म्हणून थोडं लांबण लावते. ‘आधार देणाऱ्या’ ही समजूत जुनी आहे. १८५६ साली जर्मन डॉक्टर फिरखोंनी ग्लियाला, म्हणजे या ग्लायल पेशींना, नाव दिलं, तेव्हा त्यांना ती चेतापेशींच्या मधली लांबी वाटली, खिडकीच्या काचेला लावतात तशी. प्रत्यक्षात यात निरनिराळ्या घराण्यांच्या पेशी आहेत.

मेरुरज्जूच्या पोटाकडच्या बाजूला पूर्वज पेशींचा एक छोटा पट्टा असतो. खालून ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं प्रथिन झिरपतं आणि या पट्ट्यात ‘ओलिग-२’ जनुक चालू होतं. हाच पट्टा आधी स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी देतो. मग त्यांचं उत्पादन थांबतं आणि तिथूनच ऑलिगोडेंड्रोसाइटच्या, म्हणजे चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण गुंडाळणाऱ्या ग्लायल पेशींच्या, पूर्वज पेशी निघतात. या वेष्टणामुळेच पांढरा भाग पांढरा दिसतो. उंदरात हे साधारण साडेबाराव्या दिवशी होतं. बाराव्या दिवसाच्या कापात जिथे त्यांचा मागमूस नसायचा, तिथून दोन-तीन दिवसांनी त्या चहूकडे पांगलेल्या दिसायच्या. मी हातातलं काम सोडून बघत बसायचे.

मोठ्या मेंदूत त्या तीन लाटांनी येतात: पहिली तळाकडून, दुसरी बाजूने, तिसरी जन्माच्या सुमारास वरच्या थरातून. उंदरात पहिल्या लाटेच्या पेशी जन्मानंतर जवळजवळ नाहीशा होतात. २००६ साली लंडनच्या एका गटाने यातली एकेक लाट मुद्दाम मारून पाहिली, तर उरलेल्यांनी तिची जागा भरून काढली.

आता तुमच्या मुलीकडे येते. या पेशी जन्मल्याबरोबर मायलिन गुंडाळत नाहीत, त्यांना मधल्या अवस्थांतून जावं लागतं. माणसाच्या गर्भात साधारण २३ ते ३२ आठवड्यांत पांढऱ्या भागात बहुतेक पेशी अशाच अर्धवट वयाच्या असतात. ऑक्सिजन कमी-जास्त झाला किंवा संसर्ग झाला की घातक रेणू तयार होतात, आणि ते निस्तरायची ताकद या वयात त्यांच्यात नसते. त्याच सुमाराला मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, तिथे गर्दी करून असतात. त्यांचं मूळ तर मेंदूतलंही नाही. गर्भाच्या पीतक पिशवीतून त्या फार आधी आत शिरतात, हे २०१० साली उंदरात पक्कं झालं. त्या चवताळल्या की दाह वाढतो. म्हणजे २८वा आठवडा या पेशींच्या सगळ्यात नाजूक वयात सापडला.

पायांतलं_बळ:
मी लहान मुलांची फिजिओ आहे. पायच का, ते सांगते. मेंदूकडून पायांकडे जाणारे तंतू पाण्याने भरलेल्या पोकळ्यांच्या अगदी कडेने जातात, हातांचे आणि चेहऱ्याचे त्यांच्या बाहेरून. इजा पोकळीच्या कडेला, म्हणून पहिला फटका पायांना. व्यायाम याच आठवड्यात सुरू करा, ती दीड-दोन वर्षांची व्हायची वाट बघत बसू नका. रोज कपडे बदलताना पोटऱ्या हळूहळू ताणा. वॉकर आणू नका, त्यात चवड्यांची सवय वाढते.

वृंदा_मिरज:
दोघींचे खूप आभार. वरचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत. सोमवारपासून फिजिओ सुरू. एक विचारू? उंदरात उरलेल्या लाटांनी जागा भरली, तसं हिच्यात नाही का होणार?

काप_आणि_काच:
अवघड प्रश्न आहे, आणि मला तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. मेलेल्या पेशींच्या जागी नवीन पूर्वज पेशी येतात, भरपूर येतात. मोठ्या माणसाच्या मेंदूतही त्या शिल्लक असतात. अडतं ते पुढे. ॲस्ट्रोसाइट नावाची दुसरी ग्लिया इजेच्या जागी दाटते, आजूबाजूचं वातावरण बिघडतं, आणि नवीन पेशी अर्धवट वयातच थबकतात. मायलिन गुंडाळायची पाळी येतच नाही. त्यांना पुढे ढकलणारं औषध अजून बाळांच्या हातात आलेलं नाही. पण मायलिन बसायचं काम विशीपर्यंत चालू असतं, आणि वापरात असलेल्या तंतूंवर ते जास्त बसतं, हे उंदरांत दिसलं आहे. म्हणून पोटऱ्यांचा व्यायाम चुकवू नका. सहा महिन्यांनी मुलगी कशी बसते, ते इथे नक्की लिहा. मी वाट बघतेय.