चित्राचा भाव इंचावर लावायचा की गिऱ्हाईक बघून?

ओला_ब्रश: परवाच्या कलामेळ्यात रंकाळ्याची दोन जलरंगातली चित्रं लावली होती. माप एकच, ११ × १५ इंच. किमतीची चिठ्ठी नव्हती. सकाळी एका आजोबांना २,५०० सांगितले आणि घासाघीस होऊन १,८०० ला दिलं. दुपारी मुंबईच्या जोडप्याला दुसरं ३,५०० सांगितलं, त्यांनी गुमान दिले. आजोबा शेजारीच चहा पीत होते. बगलेतलं चित्र चाचपत म्हणाले, "म्हणजे माझं जरा कमी चांगलं हाय व्हय?"

लई लाज वाटली. आता ठरवलंय, चौरस इंचाला १५ रुपये. १६५ इंचाचे २,४७५. चिठ्ठी लावणार, रुपयाही सोडणार नाही.

पेठेतला_पेंटर: चित्र म्हणजे काय प्लायवूड हाय व्हय इंचावर विकायला? टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन जुने चित्रकार आबालाल रहिमानांचं काम बघ आणि मग टेप काढ. एखादं चित्र दोन तासांत जमतं, एखाद्यापायी चार कागद फाडावे लागतात. भाव दोन्हीला सारखा? आणि कोल्हापुरात चपलेचा सांगितलेला भाव कोण देतंय? मी २० टक्के चढवूनच सांगतो, हळूहळू खाली येतो. घेणाराही खूश, मीही खूश.

कॅनव्हासताई: भाऊ, तुमचं गिऱ्हाईक खूश होतं ते दुसरं गिऱ्हाईक भेटेपर्यंत! दर ठरलेला हवाच. पण चौरस इंचात एक खोड आहे. पूर्ण इंपीरियल कागद २२ × ३०, म्हणजे ६६० इंच. १५ च्या दरानं ९,९००. तुमच्या पाव कागदाच्या चौपट, आणि मेहनत काही चौपट नसते. मोठी चित्रं तशीच घरी परत येतात. मी लांबी अधिक रुंदी धरते. इंचाला ९५ रुपये. तुमच्या चित्राचे ११ अधिक १५, म्हणजे २६ गुणिले ९५, झाले २,४७०, आणि पूर्ण कागदाचे ५२ गुणिले ९५, म्हणजे ४,९४०. फ्रेमचे पैसे वेगळे, ते यात घुसडायचे नाहीत.

दुसरं म्हणजे गॅलरी. तिथं तिसरा हिस्सा, कधी निम्मासुद्धा कमिशनमध्ये जातो. मेळ्यात १,८०० ला देताय हे कळलं तर तेच चित्र ३,५०० ला गॅलरीवाला कशाला लावेल?

पेठेतला_पेंटर: गॅलरी विचारतीय कुणाला ताई? स्टॉलचं भाडं, टेम्पो, दोन दिवसाचं जेवण आधी निघू द्या. रविवारी सहा वाजता पाऊस भरून आल्यावर मी निम्म्यातसुद्धा देतो. ओलं चित्र कोण घेणार?

भिंत_रिकामी: मी घेणाऱ्यांपैकी. चिठ्ठी नसली की आम्ही लांबूनच बघून पुढं जातो. विचारलं आणि परवडलं नाही तर तोंड कुठं लपवायचं? दसरा चौकात शाहू स्मारकच्या प्रदर्शनात मी असाच तीनदा एका चित्रापुढून गेलो, विचारायचा धीर झाला नाही. चौथ्या वेळी गेलो तर विकलेल्याची लाल टिकली लागली होती.

ओला_ब्रश: ताई, लांबी अधिक रुंदी पटलं. पण चार कागद फाडून जमलेलं एखादं असलंच, तर?

कॅनव्हासताई: ते विकायचंच नाही. घरी ठेवायचं.

पेठेतला_पेंटर: घरी ठेवून ठेवूनच माळा भरलाय माझा. पुढच्या मेळ्यात शेजारी स्टॉल घेऊ भावा. तू चिठ्ठी लाव, मी तोंडी सांगतो. संध्याकाळी गल्ला मोजू.