लेड झेपेलिन म्हणजे फक्त जिमी पेज का?

गिटारवेडा
मंडळी, एक वाद मिटवा. आमच्या ग्रुपमधे एकजण छातीठोकपणे सांगतो की लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा साउंड म्हणजे गिटारवाला पेज, बाकी तिघांच्या (गायक प्लांट, बेसवाला जोन्स, ड्रमर बॉनम) जागी कोणीही बरे वाजवणारे बसवले असते तरी तेच झालं असतं. बँड पेजने जमवला, सगळ्या अल्बमचा प्रोड्युसर पेजच, मग संपलं ना, असं त्याचं लॉजिक. मला पटत नाहीये पण नेमकं बोट ठेवता येत नाहीये. उदाहरणं द्या प्लीज, "चौघांची केमिस्ट्री" वगैरे नको.

ठेकेवाला
१९७१ च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं लावा, व्हेन द लेव्ही ब्रेक्स, आणि सुरुवातीचे नुसते ड्रम ऐका. हॅम्पशायरमधे हेडली ग्रेंज नावाचं जुनं मोठं घर होतं, तिथे ड्रमसेट खालच्या हॉलमधे मांडला आणि इंजिनियर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यातून लटकवले. आता हा उद्योग कुठल्याही ड्रमरबरोबर करून बघा, वाट लागेल. माइक एवढे लांब असले की बॅलन्स वाजवणाऱ्याच्या हातापायातच पाहिजे, झांज जरा जास्त पडली तर ती सगळं खाऊन टाकते आणि मिक्सिंगमधे नंतर कोणी वाचवू शकत नाही. बॉनमचा हात तेवढा तोललेला होता म्हणून तो जिना कामाला आला.
आणि पहिल्या अल्बममधलं गुड टाइम्स बॅड टाइम्स पण ऐका, त्यातले बास ड्रमचे ट्रिपलेट (एका मात्रेत तीन ठोके) एकाच पेडलवर एका पायाने आहेत. आमच्या क्लासमधली पोरं डबल पेडल लावूनसुद्धा घामाघूम होतात.

चारतारी
ड्रमरांचं झालं की सगळे आम्हा बेसवाल्यांना विसरतात 😄
ब्लॅक डॉग गाण्याची रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा), जी ऐकून लोक पेजला लोटांगण घालतात, ती जॉन पॉल जोन्सने आणली होती. तो आधीपासून लंडनमधला बिझी सेशनवाला (दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला पैसे घेऊन वाजवणारा), रोलिंग स्टोन्सच्या शीज अ रेनबोची स्ट्रिंग्ज अरेंजमेंट त्याचीच. म्हणून झेपेलिनमधे ब्लूजच्या पलीकडचा रंग दिसला की आधी तिकडे बघायचं. स्टेअरवे टू हेवनच्या सुरुवातीची रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य) वाजवणारा तो, नो क्वार्टरचा तो पाण्याखालून आल्यासारखा इलेक्ट्रिक पियानो त्याचा, आणि स्टेजवर हात कीबोर्डवर असले की बेस पायाने, पेडलवर. चौघांत सगळ्यात कमी बोलणारा माणूस, त्यामुळे क्रेडिट पण कमी.

समेवर_या
कश्मीर हे गाणं कोणी काढलं कसं नाही अजून? गिटारची रिफ ३ मात्रांची आणि बॉनम खाली सरळ ४ धरून बसलाय, दोघं १२ मात्रांनी समेवर भेटतात. टाळी देऊन मोजा, मजा येते. तिथे ड्रमरने हुशारी करून ३ मधे साथ केली असती तर गाण्याचा साधा वॉल्ट्झ (तीन मात्रांचा नाच) झाला असता.
जाता जाता, १९७२ मधे पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स ही आपली गाणी रेकॉर्ड केली होती. कित्येक वर्षं बूटलेगवर (चोरट्या रेकॉर्डवर) फिरत होतं ते, २०१५ ला कोडा या अल्बमच्या नवीन आवृत्तीत अधिकृत आलं. तबल्यावर तीच गाणी ऐकली की कळतं मूळ वजन कुठून येत होतं.

जुनीकॅसेट
मित्राला अगदीच वेड्यात काढू नका हो. माइक लांब ठेवला की आवाजाला खोली येते हा पेजचा जुना आग्रह, आणि एकावर एक गिटार चढवायच्या तर त्यातली कुठली मागे ठेवायची हे त्यालाच कळायचं. प्लांटचा आवाजही तो एखाद्या वाद्यासारखा वापरायचा. पण सप्टेंबर १९८० मधे बॉनम गेला आणि डिसेंबरमधे उरलेल्या तिघांनी जाहीर केलं की आता बँड नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी द हू बँडचा ड्रमर कीथ मून गेला होता, त्यांनी दुसरा ड्रमर घेऊन गाडी चालू ठेवली. पेजकडे तेव्हा ड्रमरची काय कमी होती? २००७ ला लंडनला एका रात्रीसाठी एकत्र आले तेव्हा पण ड्रमवर बॉनमचाच मुलगा जेसन.

गिटारवेडा
धन्यवाद सगळ्यांना, कश्मीर मोजतोय, तिसऱ्या आवर्तनात दर वेळी हुकतंय 😅 मित्राला धाग्याची लिंक पाठवली, त्याचं उत्तर आलं "मग प्लांटचं काय?" @जुनीकॅसेट आता तुम्हीच बघा.
@ठेकेवाला, तुमच्या क्लासमधे ठाण्यात राहणारा कोणी आहे का? आमचा ड्रमर सोडून गेलाय.

ठेकेवाला
आहे एक. व्यनि (खाजगी निरोप) करतो. लेव्ही वाजवायला सांगू नका फक्त, बिल्डिंगवाले हाकलतील.