स्वच्छ, अक्षय, हरित : डेटा सेंटरच्या विजेला नेमकं काय म्हणावं?

प्रश्न : डेटा सेंटर आणि पर्यावरण या विषयावरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'स्वच्छ ऊर्जा', 'अक्षय ऊर्जा', 'हरित ऊर्जा' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. एकच ठरवून सगळीकडे वापरला तर चालेल का?

उत्तर : नका करू तसं, अर्थ बिघडेल. 'अक्षय' हा शब्द स्रोताबद्दल सांगतो : ऊन, वारा, वाहतं पाणी. 'स्वच्छ' म्हणताना धूर आणि कार्बन मनात असतो. अणुवीज तयार होताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, म्हणून तिला स्वच्छ म्हणतात. पण युरेनियम खाणीतून येतं, ते अक्षय कसं? उलट लाकूडफाटा जाळून केलेली वीज अक्षयमध्ये मोजली जाते आणि धूर तर होतोच. सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची २०१९पासून बंद असलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करून तिची वीज २० वर्षं मायक्रोसॉफ्टला देण्याचा करार जाहीर झाला. त्या बातमीत 'अक्षय' लिहिलंत तर ती सरळ चूक ठरेल. 'हरित' मी टाळतो, तो जाहिरातीचा शब्द झाला आहे.

आणखी एक उत्तर : वरच्याशी सहमत. पण मला जास्त खटकतं ते '१०० टक्के अक्षय ऊर्जेवर चालणारं'. कंपनी वर्षभरात जितकी वीज वापरते तितकी अक्षय वीज विकत घेते, एवढाच बहुतेकदा त्याचा अर्थ असतो. डेटा सेंटरमधले संगणक, म्हणजे सर्व्हर, मात्र रात्रंदिवस चालू असतात, आणि वारा पडलेल्या रात्री ग्रिडमधून कोळशाची किंवा गॅसचीच वीज येऊ शकते. गूगल २०१७पासून असा वार्षिक ताळमेळ जुळवत आली. तरी २०३०पर्यंत दर तासाला कार्बनमुक्त वीज मिळवण्याचं उद्दिष्ट तिनं वेगळं ठेवलं. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'वर्षाला वापरते तेवढी अक्षय वीज विकत घेते' असं लिहा. वाक्य लांबतं, लांबू द्या.

प्रश्न : आणि पाणी? 'पाण्याचा वापर' पुरेल ना?

उत्तर : इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. सर्व्हरची उष्णता पाण्यानं वाहून नेली की शीतकरण मनोऱ्यात त्यातलं बरंच पाणी वाफ होऊन हवेत जातं. ज्या नदीतून किंवा विहिरीतून ते घेतलं, तिला ते परत मिळत नाही. उरलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात, म्हणून त्यातलं काही सोडून देऊन ताजं भरावं लागतं. घेतलं त्याला 'उपसा' म्हणा, वाफ झालं त्याला 'खर्ची पडलेलं पाणी'. दोन्हींना 'वापर' म्हटलं तर आकडे जुळणारच नाहीत. आणि 'पाणी वाचवणारं शीतकरण' लिहिण्याआधी विजेचा आकडाही बघा. हवेनं थंड करणारी यंत्रणा पाणी कमी घेते, वीज बहुधा जास्त खाते.

आता पीयूई (पॉवर युसेज इफेक्टिव्हनेस), म्हणजे डेटा सेंटरच्या वीजवापराचं माप. त्याला 'ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक' म्हणू नका. केंद्राची एकूण वीज भागिले संगणकांना लागलेली वीज, असं ते गुणोत्तर आहे आणि ते १च्या जितकं जवळ तितकं चांगलं. 'कार्यक्षमता' वाचून लोक मोठा आकडा चांगला समजतात.

प्रश्न : 'जगाच्या विजेपैकी फक्त दीड टक्का डेटा सेंटरना लागते' हे वाक्य ठीक आहे?

उत्तर : 'फक्त' काढा, टक्का लहान दिसला तरी आकडा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये डेटा सेंटरना सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे ४१,५०० कोटी युनिट वीज लागली. आयर्लंडमध्ये तर २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरनी घेतली.