काचबिंदू आणि पेशींचे रक्षण करणारे प्रथिन : गोळीतून उपयोग होतो का?

घंटाळीकर :
नमस्कार. माझे बाबा ७१ वर्षांचे असून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. सहा वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर तपासायला गेले असताना त्यांना काचबिंदू असल्याचे निष्पन्न झाले. दोन प्रकारचे ड्रॉप्स चालू आहेत आणि डोळ्याचा दाब १५च्या आसपास राहतो. तरीही या वर्षीच्या फील्ड टेस्टच्या (नजरेचा आवाका तपासणाऱ्या चाचणीच्या) कागदावर उजव्या डोळ्याच्या खालच्या भागातला काळा डाग मागच्या वेळेपेक्षा मोठा दिसतो आहे. ठाणे स्थानकाच्या पुलाचा जिना उतरताना ते हल्ली प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपतात.

आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी ‘दृष्टिपटल आणि चेतापेशी यांचे रक्षण करणारे नैसर्गिक प्रथिन’ म्हणून कॅप्सूलचा एक डबा बाबांना दिला असून तीन महिन्यांच्या कोर्सचे साडेसात हजार रुपये घेतले आहेत. असे प्रथिन खरोखर असते का, आणि असल्यास ते पोटातून घेऊन डोळ्यापर्यंत पोहोचते का, हे जाणकारांनी सांगावे. बाबांनी अजून डबा फोडलेला नाही.

नेरूळ_सेक्टर६ :
मी जीवरसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. अशी प्रथिने खरोखर असतात, आणि एक नव्हे, अनेक. या शोधाची सुरुवात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यापासून होते. १९३८ साली इटलीत ज्यूंविरुद्ध कायदे झाल्यावर त्यांना विद्यापीठातले काम सोडावे लागले, तेव्हा त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर काम चालू ठेवले. पुढे अमेरिकेत त्यांनी आणि स्टॅनली कोहेन यांनी चेतातंतूंना वाढवणारे व जगवणारे प्रथिन वेगळे केले. त्याला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर म्हणतात. १९८६ साली दोघांना नोबेल मिळाले. १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून चेतापेशी जगवणारे बीडीएनएफ हे दुसरे प्रथिन मिळाले, आणि तुमच्या बाबांच्या आजाराशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे.

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. यातला प्रत्येक तंतू म्हणजे दृष्टिपटलावरील (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरील) एका पेशीची लांब शेपटीच असते. ही पेशी मेंदूला चित्र पाठवते, आणि मेंदूच्या टोकाकडून त्याच तंतूमधून तिच्याकडे बीडीएनएफचा पुरवठा उलट्या दिशेने येतो. काचबिंदूत नस जिथे डोळ्याबाहेर पडते तिथे तंतू दबले जातात आणि ही वाहतूक अडते. मोरबे धरण काठोकाठ भरलेले असले तरी मधली जलवाहिनी दबली, तर आमच्या नेरूळच्या टाकीत पाणी येत नाही, तसाच हा प्रकार आहे. पुरवठा तुटलेली पेशी स्वतःला संपवून टाकते. हे एकमेव कारण नव्हे, पण महत्त्वाचे आहे.

आता कॅप्सूलचे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची विशिष्ट रीतीने दुमडलेली साखळी, आणि तिचे काम त्या घडीवर अवलंबून असते. जठरातले आम्ल घडी उलगडते, पाचकरस साखळीचे तुकडे करतात, आणि डाळीचे जे होते तेच तिचेही होते. इन्सुलिन सुईने घ्यावे लागते ते याच कारणाने. एखादे प्रथिन कसेबसे रक्तात पोहोचले तरी रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामध्ये पेशींचा इतका घट्ट बांध असतो की एवढा मोठा रेणू सहजी आत शिरत नाही.

शंकेखोर_कळवा :
साडेसात हजारांत दोन-तीन किलो पनीर दर महिन्याला येईल, आणि पचल्यावर दोन्हींची अमिनो आम्लेच होतील. पैसे परत मागा.

नेरूळ_सेक्टर६ :
पनीरचा हिशेब पटला. राहिलेला भाग पूर्ण करतो, कारण ‘हे सगळे थोतांड आहे’ असा समज होणेही बरोबर नाही. अडचण प्रथिनाची नसून त्याला योग्य जागी, दीर्घकाळ पोहोचवण्याची आहे. सीएनटीएफ नावाचे असेच एक प्रथिन १९९०च्या दशकात स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएस या आजाराच्या रुग्णांना इंजेक्शनने देऊन पाहिले गेले. फायदा दिसला नाहीच, उलट वजन घटणे, ताप, खोकला असे त्रास झाले. शरीरभर सोडल्यावर ते नको तिथेही काम करू लागले.

मग डोळ्यापुरती वेगळी युक्ती निघाली. मानवी पेशींमध्ये सीएनटीएफचे जनुक घालून त्या पेशी काही मिलिमीटर लांबीच्या बारीक कुपीत बंद करतात, आणि शस्त्रक्रियेने ती कुपी डोळ्याच्या आत टाक्याने अडकवतात. कुपीच्या भिंतीला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की पोषण आत जाते, प्रथिन बाहेर येते, पण रुग्णाच्या प्रतिकारपेशी आत घुसू शकत नाहीत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या कुपीला मान्यता दिली, मात्र ती केवळ मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया प्रकार २ या पीतबिंदूच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या, दुर्मिळ आजारासाठी आहे. त्यातही प्रकाश टिपणाऱ्या पेशी गळण्याचा वेग मंदावला, गेलेली नजर परत आली नाही, आणि काहींच्या डोळ्याला अंधाराशी जुळवून घ्यायला जास्त वेळ लागू लागला. रातांधळेपणापासून सुरू होणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये हीच कुपी वापरून दृष्टीला फायदा दिसला नव्हता. काचबिंदूसाठी तिच्या चाचण्या झाल्या आहेत, मान्यता नाही. नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचे ड्रॉप्स २०१८पासून अमेरिकेत मिळतात, तेही बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या जखमांसाठी. काचबिंदूत त्यांची लहान चाचणी झाली, ते सुरक्षित ठरले, परंतु नस वाचते असे सिद्ध झाले नाही.

फील्डवाली_ताई :
मी ठाण्यात नेत्रतपासणीचे काम करते आणि दिवसाला दहा-बारा फील्ड टेस्ट घेते. एका कागदावरून डाग वाढला असे ठरवू नका. कागदाच्या वर डाव्या बाजूला नजर किती वेळा हलली, ठिपका नसताना बटण किती वेळा दाबले गेले, याचे आकडे छापलेले असतात, ते आधी बघा. ज्येष्ठ मंडळी दुसऱ्या डोळ्याच्या वेळेला पेंगतात, हे मी रोज पाहते. डॉक्टरांना विचारून टेस्ट पुन्हा करून घ्या.

दुसरे म्हणजे, बाबा ड्रॉप्स कसे घालतात ते एकदा समोर बसून पाहा. दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. काचबिंदूत नस वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आजही दाब उतरवणे हाच आहे.

घंटाळीकर :
सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या सांगण्यावरून काल रात्री बाबांजवळ बसलो. बातम्या पाहता पाहता त्यांनी दोन्ही बाटल्यांतले थेंब अर्ध्या मिनिटाच्या आत घालून टाकले, आणि दुसऱ्या औषधाचा एक थेंब गालावरून ओघळून सदऱ्यावर पडला. सहा वर्षे हे असेच चालू असणार, आणि आम्ही कुणी कधी पाहिले नाही. आजपासून ओट्यावरचा कुकरचा टायमर त्यांच्या बाजूला ठेवला आहे. डॉक्टरांनी टेस्ट पुन्हा करायला सांगितली असून दाब आणखी दोन-तीन अंकांनी खाली आणायचा विचार ते करत आहेत.

कॅप्सूलच्या डब्यावरचा बारीक मजकूर भिंगाने वाचला. घटकांमध्ये झेंडूच्या फुलांतून काढलेले ल्युटिन, जस्त आणि क जीवनसत्त्व आहे, प्रथिनाचा उल्लेखच नाही. डबा परत केला. ते गृहस्थ पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणाले आहेत.