निघताना आणि धीर देताना मित्र नेमकं काय बोलतात?

पडद्यामागचा:
एकांकिकेचे संवाद लिहितोय. हॉस्टेलच्या गेटवर तिघं उभे, त्यातली एक तोंडी परीक्षेला निघालीय. सध्याचं वाक्य: "शुभेच्छा! तू करू शकतेस. काळजी घे, लवकरच भेटू." वाचताना भेटकार्ड उघडल्यासारखं वाटतं. "पेपर फोड", "जिंकलंस भावा", "फूट आता", "कल्टी मार" यातलं काय चालेल?

तिरपागडा:
"पेपर फोड" आधी काढा. पेपर फुटतो म्हणजे प्रश्नपत्रिका परीक्षेआधी बाहेर येते. लोक हसतील, पण भलत्या जागी. शिवाय तोंडी परीक्षेला पेपर कुठला? कर्म न लावता नुसतं "फोडून ये" चालेल.

बाकी सगळा खेळ काळाचा आहे. काम व्हायच्या आधी आज्ञार्थ: "भिड!", "भिड बिनधास्त". काम चालू असताना, मैदानाच्या कडेला उभं राहून, "हाण!". झाल्यावर भूतकाळ: "फोडलंस", "तोडलंस", "जिंकलंस". म्हणून "जिंकलंस" गेटवर नाही, ती परत आल्यावर. "नाद खुळा"ही तेव्हाच, कारण ते कौतुक आहे, धीर नव्हे.

"-लंस" मुलाला आणि मुलीला तेच राहतं. "जिंकलीस" लिहिलंत तर व्याकरण शुद्ध, पण ती निकालाची बातमी होते. वाहवा उरत नाही.

"तू करू शकतेस" हे तर उघड इंग्रजीवरून उचललेलं. "होतंय गं, लोड नको घेऊस" एवढ्यात काम होतं.

गवतीचहा:
निरोपात काळापेक्षा कोण कुणाबद्दल बोलतंय ते बघा. "फुटतो", "कटतो", "सटकतो" स्वतःबद्दल म्हटलं की खेळीमेळीचं. तेच क्रियापद समोरच्यावर टाकलं, "फूट", "कट इथून", की हाकलणं झालं. जिवलग मंडळी "चल, फूट आता" हसत म्हणतात हे खरं, पण कागदावर हसू दिसत नाही. ठेवायचंच असेल तर नटासाठी कंसात सूचना लिहा.

"कल्टी"त कुणाची तरी नजर चुकवणं असतं. लेक्चरला कल्टी मारतात. परीक्षेला निघालेली कल्टी मारत नाही, परीक्षा टाळून पळणारी मारते.

पडद्यामागचा:
मग ती "जाते" म्हणेल?

तिरपागडा:
नको. निरोप घेताना "जाते" अशुभ मानतात, म्हणून "येते". कॉलेजातली पोरं "निघते" जास्त म्हणतात. "येऊ?" विचारलं तर उत्तर "ये", तिथं नुसतं "जा" कानाला टोचतं. पण "जा, भिड!" मध्ये टोचत नाही, तिथं "जा" म्हणजे पाठीवर थाप.

काडीबहाद्दर:
"काळजी घे" मेसेजच्या शेवटी शोभतं. दोन तासांत परतणारीला तोंडावर म्हटलं तर ती आजारी वाटेल. त्याऐवजी "झालं की मेसेज टाक".

आणि पात्र कुठलं ते ठरवा. "होतंय की" म्हणणारा कोल्हापूर-साताऱ्याकडचा, "काही नाही होत बे" म्हणणारा नागपूरचा. एकाच तोंडी दोन्ही घातलंत तर पहिल्या रांगेतून आवाज येईल.

असं करून बघा:

"चला, निघते."
"लोड नको घेऊस गं. जा, भिड!"
"झालं की मेसेज टाक."
"टाकते."

"चला" कारण मागे दोघं उभे आहेत. एकाला गेटवरून काढलंत तर तिथं "चल" करायला विसरू नका.