इलाज करणाऱ्या डॉक्टरांना स्कॅनवर खुणा करायची साधनं हवीत कशाला?

श्वासमार्ग:
वाद व्हावा म्हणूनच धागा काढतोय. स्कॅन बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये हल्ली प्रत्येक डॉक्टरपुढे फूटपट्टी, कोनमापक, बाण, वर्तुळ, गाठीचं घनफळ असं सगळं मांडून ठेवतात. माझ्या मते रेडिओलॉजिस्ट सोडून बाकीच्यांना यातलं काहीही देऊ नये. मी छातीचा डॉक्टर. मला स्कॅन पटकन उघडायला हवा, जुना आणि नवा शेजारी ठेवून एकाच उंचीवर बरोबरीने सरकवता यायला हवेत, आणि फुप्फुसाची, मऊ भागाची, हाडाची विंडो, म्हणजे कुठल्या घनतेचा पट्टा करड्या छटांत दाखवायचा ते, एका बटणावर बदलायला हवी. झालं.

फूटपट्टीवर एवढा राग का? छातीच्या सीटीत साधारण ३५० मिलिमीटर रुंदी ५१२ ठिपक्यांत बसवलेली असते, म्हणजे एक ठिपका जवळपास ०.७ मिलिमीटरचा. तरी रेघ ओढली की सॉफ्टवेअर ८.३७ असा आकडा तोंडावर फेकतं. तोच नोंदीत उतरतो. तीन महिन्यांनी दुसराच कुणी शेजारच्या स्लाइसवर (सीटीतल्या आडव्या कापावर) जरा तिरकी रेघ ओढतो, ९.६१ येतं, आणि पेशंटला सांगून मोकळे होतात की गाठ वाढलीय. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञ संस्थेच्या २०१७ च्या सूचना लांबी-रुंदीची सरासरी काढा आणि पूर्ण मिलिमीटरमध्ये लिहा म्हणतात, ते उगाच नाही. ज्याला मोजायची शिस्त आहे त्याने मोजावं.

अस्थिपंजर:
साफ नामंजूर. तुम्हाला बघून भागतं, मला कापायचं असतं. खुब्याचा सांधा बदलायचा तर कृत्रिम सांध्याचा कप केवढा, दांडा कुठल्या मापाचा, पायाच्या लांबीत किती फरक पडेल हे मी आदल्या दिवशी एक्स-रेवर आखतो. हे रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमध्ये येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नाही.

आकड्यांचं म्हणाल तर एक्स-रेवरचे मिलिमीटर तुमच्या सीटीपेक्षा जास्त फसवे असतात. हाड डिटेक्टरपासून दूर, त्यामुळे सावली मोठी पडते. म्हणून हाडाच्या पातळीवर माहीत असलेल्या व्यासाची धातूची गोळी ठेवतात, बऱ्याचदा २५ मिलिमीटरची, आणि तिच्यावरून प्रमाण लावून घेतात. मला हवं ते इतकंच: प्रमाण लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअरने मिलिमीटर दाखवूच नयेत. कोन खुशाल दाखवावेत, सगळं सारख्याच पटीने मोठं झालं तर कोन बदलत नाही. फूटपट्टी काढून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिवाय साधन दिलं नाही म्हणून लोक खुणा करायचे थांबतात असं वाटतं का तुम्हाला? स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढतात, बोटाने लाल गोल करतात आणि ग्रुपवर टाकतात.

श्वासमार्ग:
मोबाईलच्या फोटोचा बचाव मी करत नाहीये. पण सर, तुमचं आखणीचं काम वेगळं आहे, त्याला वेगळं सॉफ्टवेअर घ्या ना. तुमच्यासाठी वॉर्डातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर टूलबार कशाला?

काळीपांढरी:
मी रेडिओलॉजिस्ट, तरी श्वासमार्ग यांच्या बाजूने बोलणार नाही. खूण कोण करतो याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. ती साठते कुठे, हे मला महत्त्वाचं.

डायकॉममध्ये, म्हणजे वैद्यकीय चित्रं साठवायच्या सर्वमान्य साच्यात, यासाठी सोय आहे. मूळ चित्राला हात न लावता बाण, रेघा, मजकूर आणि त्या वेळची विंडो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. कुठल्या चित्रावरची खूण, ते चित्राच्या ओळख क्रमांकाने जोडलेलं. खुणा दाखवा, लपवा, खालचे ठिपके शाबूत. दुसरी तऱ्हा म्हणजे खुणा चित्रातच भाजून टाकायच्या. तिथे बाणाखाली काय होतं ते कायमचं गेलं. आणि त्याचा जेपीजी केला की विंडो बदलायची सोयसुद्धा गेली. सीटीच्या एका ठिपक्यात साधारण ४०९६ पातळ्या असतात, जेपीजीत उरतात २५६.

हे नुसतं तांत्रिक वाटत असेल तर डोक्याचा सीटी घ्या. मेंदूच्या नेहमीच्या विंडोत ० ते ८० एवढेच हाउन्सफील्ड आकडे (सीटीतलं घनतेचं माप) करड्या छटांत दिसतात, पुढचं सगळं पांढरं. कवटीला चिकटून ताज्या रक्ताचा पातळ थर असेल तर तो हाडाच्या पांढऱ्यात विरून जातो. विंडो २०० च्या आसपास रुंद केली की सुटा दिसायला लागतो. फोटोवर कुणी लाल गोल भलतीकडेच केला असेल, तर माझ्या हातात विंडो रुंद करायला काहीच नसतं.

शून्यएक:
मी असली सॉफ्टवेअरं लिहितो. मॅडम म्हणतात ती सोय कागदावर छान आहे. एका व्ह्यूअरमध्ये केलेली खूण दुसऱ्यात उघडा आणि बघा काय होतं ते. कुठे मजकूर भलतीकडे सरकतो, कुठे खुणा आहेत हेच कळत नाही, आणि काही कंपन्या तर आपल्याच खाजगी साच्यात साठवतात. सॉफ्टवेअर बदललं की वर्षांच्या खुणांवर पाणी. विकत घेताना हा प्रश्न विचारणारा डॉक्टर विरळाच. सगळे विचारतात, थ्रीडी दिसतं का?

आणि श्वासमार्ग यांची ती "पटकन उघडायला हवा" मागणी. ५१२ बाय ५१२ ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एक स्लाइस अर्धा एमबी. हजार स्लाइसचा स्कॅन ५०० एमबीच्या घरात. जुना शेजारी ठेवलात की दुप्पट. ते वॉर्डातल्या मरतुकड्या नेटवर्कवर सुरळीत सरकवायचं, तर डॉक्टर थांबलाय तो स्लाइस आधी आणायचा, मग त्याच्या आजूबाजूचे, बाकीचे मागाहून. टूलबारची बटणं त्यापुढे फुकट आहेत हो. बटणं लपवा म्हणालात तर दुपारपर्यंत लपवून देतो, वेग मागितलात की सहा महिने.

रात्रपाळी:
रेसिडेंट आहे. मोठ्यांच्या वादात तोंड घालते, पण रात्री दोन वाजता या सॉफ्टवेअरसमोर आम्हीच बसलेलो असतो.

सर फोनवर घरून बघत असतात. मी म्हणते, "१४३ नंबरच्या स्लाइसवर बघा." त्यांच्या १४३ वर काहीच नसतं. कारण मी पातळ स्लाइसची मालिका उघडलेली, त्यांच्याकडे जाड स्लाइसची. किंवा माझा व्ह्यूअर डोक्याकडून मोजतो, त्यांचा पायाकडून. मग "यकृत दिसतंय का, आता खाली या, अजून, थांबा, जरा वर" असं पाच मिनिटं. मला फूटपट्टी नको, कोन नको. एक बाण, आणि तो बाण नेमका त्याच जागी उघडेल अशी लिंक. नाहीतर निदान स्लाइस नंबराशेजारी, पेशंट झोपतो त्या स्कॅनरच्या टेबलाची मिलिमीटरमधली जागा ठळक दाखवा. मालिका बदलली तरी ती जुळते.

अजून एक. डावं-उजवं कोपऱ्यात इतकं बारीक का असतं? पेशंटची डावी बाजू स्क्रीनच्या उजवीकडे, हे दिवसा पाठ असतं. पहाटे चारला तीनदा तपासावं लागतं. चित्र कुणी उलटं केलं असेल तर अक्षरही त्याबरोबर बदलायला हवं, आणि ते दिसायलाही हवं.

अस्थिपंजर:
टेबलाची जागा ठळक हवी, हे एकदम मान्य. हे कुणी मागितलंच नव्हतं?

शून्यएक:
कुणीच नाही. काय हवं विचारलं की यादी येते आणि यादीत थ्रीडी असतं. रात्री दोनला शेजारी बसलं तर हे कळतं, पण रात्री दोनला आम्हाला कोण आत घेतंय.

पेशीवेध:
कर्करोगाचा डॉक्टर. इथे सगळे एका स्कॅनबद्दल बोलताहेत. माझं काम दोन स्कॅनच्या मधल्या फरकावर चालतं. गाठी घटल्या की वाढल्या हे ठरवायच्या रेसिस्ट १.१ या २००९ च्या निकषांत सुरुवातीलाच जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवात दोनपेक्षा जास्त नाहीत, आणि दर वेळी त्याच मोजायच्या. त्यांच्या मापांची बेरीज आजवरच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली तर आजार वाढला. श्वासमार्ग, हे ५ मिलिमीटर तुमच्या ८.३७ वरचंच उत्तर आहे: मोजणीत चूक होणार हे निकषानेच गृहीत धरलंय.

रिपोर्टमध्ये "यकृतात अनेक गाठी, सर्वांत मोठी २४ मिलिमीटर" एवढंच लिहिलं तर माझ्या उपयोगाचं नाही. गेल्या वेळची सर्वांत मोठी तीच का? मला गाठीला नाव हवं, आणि पुढच्या स्कॅनमध्ये ते नाव आपोआप त्याच जागी जाऊन बसायला हवं. फूटपट्टी काढलीत तर मी हे वहीत करेन, आणि ती वही माझ्याखेरीज कुणाला दिसणार नाही.

विदागार:
मी एआयसाठी डेटा जमवतो. रोजच्या कामात डॉक्टर ज्या खुणा करतात त्या साठवल्या तर नंतर वेगळं मार्किंग करून घ्यावं लागणार नाही. साधनं काढू नका, वाढवा!

श्वासमार्ग:
हे आलंच. आम्ही घाईत ओढलेल्या रेघेवरून तुम्ही यंत्राला शिकवणार?

एलआयडीसी या फुप्फुसातल्या गाठींच्या सीटी संग्रहाचा डेटा तुमच्याच लोकांनी जगभर वापरलाय ना? १०१८ सीटी, प्रत्येक चार छातीच्या रेडिओलॉजिस्टनी वाचलेला. आधी एकेकट्याने, मग इतरांच्या खुणा नावाशिवाय पाहून पुन्हा. निदान एकाने ३ मिलिमीटर किंवा मोठी गाठ म्हणून खूण केली अशा २६६९ जागा. चौघांनीही केली अशा ९२८. तज्ज्ञांचं हे असं, मग वॉर्डात उभ्याउभ्या केलेल्या खुणेची काय किंमत?

विदागार:
तोच डेटा मी उलटा वाचतो. चौघांच्या खुणा वेगवेगळ्या ठेवल्या म्हणून हा मतभेद तुम्हाला आज मोजता आला. एकच "अंतिम" खूण ठेवली असती तर कळलंच नसतं. म्हणून प्रत्येक खुणेवर नाव, वेळ आणि कशासाठी केली ते लिहिलेलं असावं. घाईतला बाण हा घाईतला बाण म्हणूनच साठू द्या.

काळीपांढरी:
नाव आणि वेळेला माझा पाठिंबा. पण तुमच्या सगळ्यांच्या खुणा स्कॅन उघडताक्षणी माझ्या अंगावर यायला नकोत. आधीच कुणीतरी बाण केलेला दिसला की डोळा तिथे जातो, ती गाठ सापडते, आणि शोध तिथेच थांबतो. दुसरी गाठ फुप्फुसाच्या खालच्या भागात बसलेली राहते. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. त्यामुळे उघडताना खुणा बंद, कोपऱ्यात फक्त "खुणा आहेत" एवढं दिसावं. माझं वाचून झालं की मी चालू करीन.

अस्थिपंजर:
तुमच्यासाठी बंद ठेवा. ऑपरेशन टेबलाशी हातमोजे घातलेले असताना खुणा चालू करायला मी कुणाला हाक मारू? माझ्याकडे चालूच हव्यात.

श्वासमार्ग:
बाण मान्य, रात्रपाळीसाठी. पेशीवेध यांचं गाठीला नाव देणंही मान्य. वॉर्डात फूटपट्टी अजूनही नाही. द्यायचीच तर दशांश काढून द्या.

शून्यएक:
दशांश काढून देतो. परवा तुमच्यातलंच कुणीतरी येऊन परत मागेल.